थेरेमिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नव्या थेरेमिनचा सूर जुळवला तरी अर्ध्या तासात सरकतो. मागून कुणी गेलं तरी डळमळतो. वाद्य सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. थेरेमिन हे स्पर्श न करता, अँटेनांजवळ हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यात, कानाला ऐकू येणार नाही इतक्या उच्च कंपनसंख्येचे दोन ऑसिलेटर (विद्युत कंपनं निर्माण करणारी मंडलं) असतात. एक स्थिर, दुसरा उभ्या अँटेनाला जोडलेला. आपल्याला ऐकू येतो तो दोघांतला फरक. समजा, पहिला १,७०,००० हर्ट्‌झवर आणि दुसरा १,६९,५६० वर असेल, तर ४४० हर्ट्‌झचा सूर मिळतो. हा बदल जेमतेम पाव टक्क्याचा. हात अँटेनाजवळ आला की मंडलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते. ती १०० पिकोफॅरड (धारितेचं एकक) असेल तर हाताने अर्ध्या पिकोफॅरडची भर घातली की पुरते. मग तुमचं धड, लोखंडी कपाट, मागून जाणारा माणूस, सगळेच त्यात भर घालणार. चहूबाजूंनी दीड-दोन मीटर जागा मोकळी ठेवा.

सुरू केल्यावर वाद्य तापेपर्यंत सूर सरकतोच. वीस मिनिटं थांबा. मग वाजवायच्या जागी उभं राहून उजवा हात खांद्यापाशी घ्या आणि सूर उतरत उतरत मुका होईपर्यंत पिचचा नॉब फिरवा. हात पुढे नेल्यावर सूर चढायला हवा. उतरत असेल तर शून्याच्या पलीकडे गेलात, नॉब उलटा फिरवा. स्पीकर बॅटरीवरचा असेल तर वाद्याला अर्थिंग मिळत नाही आणि सूर भरकटतो. तीन पिनांचा अॅम्प्लिफायर वापरा.

प्रश्न : मींड सुरेख निघते, पण सुटे स्वर काढताना मधला घसारा ऐकू येतो.

उत्तर : तो डाव्या हाताने झाकायचा. हात आवाज कमी-जास्त करणाऱ्या दुसऱ्या अँटेनाच्या आडव्या कड्याजवळ नेला की आवाज बसतो, उचलला की खुलतो. आधी डावा खाली, मग उजवा पुढच्या स्वरावर, मग डावा वर. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या १९२९ च्या वाद्यात हे अवघड होतं. तिथे डावा हात एका व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीच्या) फिलामेंटचा प्रवाह बदलायचा, आणि तापलेली तार निवायला वेळ घ्यायची. थेरेमिनचे जनक लेव तेर्मेन यांनी थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर यांच्यासाठी चपळ प्रतिसादाचं वाद्य बनवलं ते म्हणूनच. रॉकमोर यांची बोटांची पद्धतही जरूर शिका. अंगठा आणि तर्जनी जुळवून पहिला स्वर लावायचा, मग हात न हलवता बोटं उघडत पुढचे. सगळा दंड हलवण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं.

प्रश्न : खर्जात आवाज घरघरतो आणि एकदम तुटतो.

उत्तर : खर्जात दोन्ही कंपनसंख्यांतला फरक लहान असतो. त्या फार जवळ आल्या की दोन्ही ऑसिलेटर एकमेकांना ओढून एकच होतात, फरक उरत नाही. घरी जोडलेल्या किटमध्ये दोन्ही कॉइल एकमेकींपासून दूर आणि काटकोनात बसवा, मध्ये अर्थ केलेला पत्रा घाला.