वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे फक्त द्रव आहार का, आणि तो कसा घ्यायचा?

यकृत लहान व्हावं म्हणून. त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. चरबीने सुजलेला असला तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो बाजूला सारणं अवघड जातं, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी, ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, दीड-दोन लिटर द्रव. प्रोटीन शेक दिवसातून चार-पाच वेळा विभागून घ्या. फळांचा रस नको: त्यातल्या साखरेने यकृतातला ग्लायकोजेनचा (शरीराने साठवलेल्या साखरेचा) साठा पुन्हा भरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, भूक छळते. मग बरंच सुसह्य होतं. बद्धकोष्ठता झाली तर डॉक्टरांना विचारून फायबर पावडर घ्या.

मधुमेह असेल तर मात्र सुरुवातीच्या आधीच इन्सुलिन आणि गोळ्यांचे डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, नाहीतर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.