'देवाचं ऐकणं' की 'देवाला ऐकणं'?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईच्या भजनी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितायत, त्यांची कुत्री हाकेसरशी तोंडातलं हाडूक टाकून पळत येते, देवाचं असं ऐकायला तिच्याकडून शिकावं हा विषय. पण 'देवाचं ऐकणं' म्हटलं की नुसतं आज्ञा पाळणं वाटतं, मग 'देवाला ऐकणं' लिहू का?

नका लिहू. अमक्याला ऐकणं हे आपल्याकडे मुख्यतः गवयाबद्दल म्हणतात, 'भीमसेनांना सवाईत ऐकलंय' हे पुण्यात कुणीही ऐटीत सांगतो (सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे, शब्दप्रयोग चांगला मुरलाय), पण मैफल संपली की माणूस सतरंजी झटकून घरी जातो, त्याच्यावर काही बंधन येत नाही. देवाचं तसं चालेल का ते मंडळाने ठरवावं. आणि हल्ली 'मी तुला ऐकतेय' म्हणतात ते तर माझ्या कानाला अजून खटकतंच.

खरी गंमत 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' यात आहे. कुत्र्याला ऐकू येतं, तिथे त्याचं काही कर्तृत्व नाही, माणसाचा कान साधारण 20 हजार हर्ट्झला थांबतो आणि त्याचा 40 हजाराच्याही पुढे जातो, त्यामुळे कुकर, मिक्सर, खालून जाणारी पीएमपीची बस सगळं कानावर पडत असतं तरी पठ्ठ्या घोरत असतो आणि खुंटीवरची साखळी जरा वाजली की दाराशी हजर. हे झालं ऐकणं. 'तो माझं ऐकतो' म्हणताना आपण त्याच्या कानांची तारीफ करत नसतोच.

पण ताईंना जे म्हणायचंय ते मला वाटतं याच्याही आधीचं आहे. आमच्या बिल्डिंगमधला लॅब्रडॉर संध्याकाळी पॅसेजमध्ये पडलेला असतो, लिफ्ट तळमजल्यावरून निघाली की एकच कान उचलतो, मान तिरकी, शेपूट मात्र अजून गप्प, कारण कोण येतंय ते ठरलेलं नाही. याला आपण कानोसा घेणं म्हणतो. माऊलींनी ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत 'तरी अवधान एकलें दीजे' म्हणून आधी अवधान मागितलंय, 'आइका' येतं ते ओवीच्या शेवटी. क्रम बघा.

आणि आज्ञापालनाच्या छटेला एवढं घाबरू नका. 'शुश्रूषा' घ्या, संस्कृतात मूळ अर्थ ऐकायची इच्छा, त्यातून आज्ञेत राहणं, त्यातून सेवा, आणि आपण मराठीत तो शब्द आजाऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवला. ऐकणं आणि वागणं एकाच शब्दात असणं ही जुनीच खोड आहे, उगाच सोडवत बसू नये.

मंडळातल्या कुणी कुत्र्याच्या दृष्टांताला नाक मुरडलंच तर दत्ताच्या फोटोकडे बोट दाखवा, पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना चार वेद मानतात, आणि वेदांना श्रुती म्हणतात म्हणजे ऐकलेलं!

तर शीर्षक 'देवाचं ऐकताना' ठेवा, बिनधास्त. 'कानोसा' लेखात आत कुठेतरी येऊ दे, शीर्षकात नको, तिथे दाराआडून चोरून ऐकल्यासारखं वाटेल.