घरचे माग आहेत, बी.टेक. टेक्स्टाइल झालंय. स्मार्ट टेक्स्टाइलमध्ये पीएचडी करावी का कारखाना बघावा?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात दोन महिने जेवताना रोज निघायचा. इचलकरंजीत आमचे आठ साधे माग, खर्चीवर चालणारे, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणून देणारे. मी पीएचडीला गेले, भाऊ मागावर बसला, आणि सगळ्यांनी धरलं की आता हिचा नि मागाचा संबंध संपला. तुम्हीपण तसंच धरून विचारताय, हे का ते. तिथंच चुकताय असं माझं स्पष्ट मत आहे.

स्मार्ट टेक्स्टाइल म्हणजे वीज वाहणारं, मोजमाप करणारं कापड. त्यात माझा विषय होता ईसीजी घेणारा छातीचा पट्टा. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा सुती कापडात विणायचा, म्हणजे जेल लावून चिकटवायच्या पट्ट्या लागणार नाहीत. लॅबमधला सँपल माग सहा महिने बंद होता, म्हणून दिवाळीला मी तो धागा घेऊन घरी आले. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक माग मोकळा करून दिला. वहिफणीवाल्या काकांनी (वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी चौकट, फणी म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारी) सुती धाग्यांच्या मध्ये चांदीचे धागे भरले, बॉबिन मागं टांगून वजनं लावली आणि माग चालू केला. अर्धा मीटर झाल्यावर अप्पांनी माग थांबवला, फणीच्या खालनं बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर राखेसारखी करडी पूड.

"चांदी पडायला लागलीय की गं खाली. केवढ्याचा धागा म्हणलीस?"

मी सांगितलं की आम्ही ज्या पेपरवरून काम करतोय त्यात धागा उभाच घातलाय. अप्पा म्हणाले, "उभा धागा वहीत घासतोय, फणीत घासतोय, कापड हुईपर्यंत शेकडो वेळा. आडवा एकदा धोट्यातनं जातोय, फणीचा ठोका खातोय आणि सुटतोय. आडवा घाल की, पट्टा फिरवून काप."

पट्टा फिरवून काप. चार वर्षं बी.टेक. आणि दीड वर्ष रिसर्च करून हे मला सुचलं नव्हतं, आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच सुचलं नव्हतं. उभ्या आणि आडव्या धाग्याची दोन्ही सँपल विणून घेऊन मी परत गेले आणि आयएसओ ६३३० या कापड धुण्याच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे ४० डिग्रीला धुवायला लागले. विजेला अडथळा जितका कमी तितकं चांगलं; उभ्या धाग्याची दहा सेंटिमीटरची पट्टी ६ ओहमला सुरू झाली, दहा धुण्यांनंतर ९० आणि पंधराव्याला मीटर काहीच दाखवेना. आडव्या धाग्याची पंचवीस धुण्यांनंतरसुद्धा २० च्या आत होती. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर उभ्या धाग्यावर चांदीला जागोजागी भेगा पडलेल्या, आणि धुताना त्याच भेगांपासून पापुद्रे सुटत होते, म्हणजे धागा मशीनमध्ये जायच्या आधी मागावरच निम्मा मेला होता.

आता खरी गोष्ट. न धुतलेल्या कापडाच्या आकड्यांवर आमचा पेपर तयार होता आणि गाईड म्हणाले धुण्याचं फ्युचर वर्कमध्ये टाक. मी नाही म्हणाले, त्यात सात-आठ महिने गेले, आमचं बोलणंही जवळजवळ बंद होतं. शेवटी धुण्याचे आकडे घालूनच पेपर गेला, मग मी म्हटलं अप्पांचं नाव लेखकांत घाला, मूळ सूचना त्यांची आहे. "त्यांचं शिक्षण काय?" एवढंच विचारलं गेलं. आठवी. पेपरात शेवटी एक ओळ आली, एका स्थानिक विणकराचे सहकार्याबद्दल आभार. नावसुद्धा नाही. अप्पांनी प्रिंट मागून घेतली, इंग्रजी येत नाही, फक्त फोटो बघितले, "हे आपलंच कापड" म्हणाले आणि सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) बिलांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मी थिसिसच्या चौथ्या चॅप्टरच्या सुरुवातीला त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, ते कुणी काढू शकलं नाही. पण पेपरात ते लेखक म्हणूनच हवे होते, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. इन्स्ट्रुमेंट चालवून देणाऱ्याचं नाव लेखकांत चालतं आणि विणायची दिशा सांगणाऱ्याचं चालत नाही, हा कुठला न्याय?

तर तुमचं. पीएचडी करा, पण गाईड निवडताना त्यांचे पेपर किती ते नंतर बघा, आधी लॅबमध्ये वॉशिंग मशीन आहे का ते बघा आणि शेवटचं कधी चालवलं ते तिथल्या मुलांना विचारा. धुता येत नाही ते कापड नाही, त्याला सर्किट म्हणा. गूगल आणि लिवाइसचं जॅकार्ड जॅकेट, बाहीत वीज वाहणारे धागे विणलेलं, २०१७ ला आलं, किंमत ३५० डॉलर, आणि धुणी सांगितली होती साधारण दहा. एवढा पैसा असून अडतं ते इथंच. चांदीचं तर अजून अवघड, घामातल्या आणि हवेतल्या गंधकानं पैंजण काळे पडतात तसा धागाही काळा पडतो, ब्लीचवाल्या पावडरीनं लवकर जातो, आणि सगळ्यात आधी तुटतो तो मऊ धागा जिथं कडक टिचबटणाला जोडलेला असतो तिथं. यातलं काहीही घेतलंत तरी पीएचडीला पुरेल.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. सरकारनं २०२० मध्ये टेक्निकल टेक्स्टाइल मिशनला १,४८० कोटी मंजूर केले होते, त्यातनं प्रोजेक्ट निघाले. आयआयटी दिल्ली, माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बघा, बाहेर जायचं तर स्वीडनमधलं बोरोसचं टेक्स्टाइल स्कूल बघा, तिथं विणायच्या मशीन शाळेतच आहेत.

एक राहिलं, गाईड वाईट माणूस नव्हते, सिग्नलमधला नॉइज कसा काढायचा ते मला त्यांनीच बसून शिकवलं. आणि तुम्हाला ग्राफीन किंवा कंडक्टिंग पॉलिमरच्या केमिस्ट्रीत जायचं असेल तर मागाचा एवढा उपयोग होणार नाही. मागांवर कर्ज असेल आणि घरात दुसरं कुणी बघणारं नसेल तर आधी ते निस्तरा, पीएचडीला पाच वर्षं लागतात, कधी सहा.

पण कर्ज नसेल तर सगळे माग काढून शटललेस (धोट्याशिवाय चालणारे नवे) माग घ्यायच्या नादात एकतरी साधा माग विकू नका. दहा धाग्यांचं सँपल त्याच्यावरच निघतं आणि मध्येच थांबवून फणीखाली बोट घालता येतं.