निवडणूक कशी पार पडली, हे संसदेनं तपासून काही फरक पडतो का?

पडतो, पण समितीच्या अहवालाचं सरकार काय करतं त्यावर. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक राष्ट्रीय निवडणुकीनंतर दोन्ही सभागृहांच्या खासदारांची एक संयुक्त समिती आयोगाचे अधिकारी, पक्ष आणि सामान्य मतदार अशा सगळ्यांचं म्हणणं ऐकते.

२०१३ ची निवडणूक म्हणजे या समितीला आयतं खाद्यच. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, फेरमोजणी चालू असताना १,३७० मतपत्रिका चक्क हरवल्या. निकाल मोजक्या मतांवर लटकलेला, त्यामुळे न्यायालयाने निवडणूकच रद्द केली आणि एप्रिल २०१४ मध्ये राज्यभर पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

दुसरा घोळ मतपत्रिकेचा. न्यू साउथ वेल्समध्ये ११० उमेदवार! मतपत्रिका मीटरभर रुंद आणि अक्षरं इतकी बारीक, की केंद्रांवर भिंगाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. मतदाराने एका पक्षापुढे नुसता १ लिहिला, की त्याच्या पुढच्या पसंत्या कोणाला हे तो पक्षच ठरवायचा. छोट्या पक्षांनी आपापसात या पसंतीच्या मतांची देवाणघेवाण ठरवून ठेवलेली. त्या जोरावर व्हिक्टोरियात रिकी मुइर पहिल्या पसंतीच्या जेमतेम ०.५१ टक्के मतांवर सिनेटर झाले. नियमाने बरोबर, पण आपलं मत कुठे गेलं हे मतदाराला कळेल तर शपथ.

समितीने मे २०१४ मध्येच सांगितलं, पसंतीक्रम पक्षाने नाही, मतदाराने ठरवावा. कायदा बदलला २०१६ मध्ये. दोन वर्षं गेली, पण बदलला. खासदारच खासदारांच्या निवडणुकीचे नियम तपासतात, तेव्हा स्वार्थ असतोच म्हणा. छोट्या पक्षांनी तेव्हा हीच ओरड केली होती.