उत्तर: बीपी-शुगरच्या बैठकीला कुणीच येत नाही

उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहात, बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांसाठी शाळा, पंचायत, पोलिस सगळ्यांना एकत्र आणा असा आदेश आलाय, आणि बैठकीला तुम्ही अन् आशाताईच! वाचून हसू आलं, आमच्याकडेही अगदी हेच. (मी संस्थेतर्फे काम करायचो, सरकारी नोकर नाही. तुमच्या जिल्ह्यातले नियम बघून घ्या.)

तिशीपुढच्यांची तपासणी, सीबॅक फॉर्म (आशाताई भरतात ती आजाराच्या धोक्याची प्रश्नावली) वगैरेत शिरत नाही. घोडं अडतं ते दुसऱ्या खात्याच्या दारात. आमचं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं एका कार्यालयानं, नाव घेत नाही. शाळेच्या भिंतीला टेकून तंबाखूची टपरी होती. 2003 च्या कायद्यानं शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. अर्ज दिला, तर म्हणे 'अंतर मोजल्याचा दाखला जोडा.' दाखला कुणाकडून आणायचा ते लेखी विचारलं, तर 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.' अहो, 100 यार्ड म्हणजे 91 मीटर, आणि टपरीचा पत्रा शाळेच्या भिंतीत ठोकलेला! या कागदी घोड्यांत शाळेचं अख्खं वर्ष गेलं. अजून आठवलं की माझंच बीपी चढतं.

हललं ते ग्रामसभेच्या ठरावानंतर. मुख्याध्यापकांनी टेप लावली, पंचांच्या सह्या घेतल्या, ठरावाची प्रत थेट पोलिस ठाण्यात दिली, आवक नंबर (कागद पोचल्याचा नोंद क्रमांक) घेऊन. तो नंबर न घेता माघारी फिरू नका.

माझं मत विचाराल तर नवी समिती काढूच नका. मुख्याध्यापकांची, बीडीओंची बैठक नाहीतरी होतेच, तिथं आपला विषय घुसवा. एका खात्याकडे एकच काम मागा. 'समन्वय साधावा' असलं पत्र फायलीला लागतं आणि तिथंच राहतं. कुणी काय कधीपर्यंत करायचं हे इतिवृत्तात आलं नाही, तर तुम्ही फक्त चहा पिऊन आलात. पंचायतीच्या आराखड्यात व्यायामाची जागा हवी असेल तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीच सरपंचांना गाठा. 26 जानेवारीला बहुधा उशीर झालेला असतो.

एक अवांतर. गावातून ऊसतोडीला लोक जात असतील तर दिवाळीआधी मुकादमाकडून यादी घ्या. माणसं मार्च-एप्रिलला परततात, महिन्याच्या गोळ्यांनी काय होणार? जास्त दिवसांच्या देता येतील का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, मी डॉक्टर नाही. कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते गोळ्यांच्या पाकिटावरच लिहा. कार्ड हरवतं, पाकीट बायका जपून ठेवतात.