गर्दीचा आवाज कापू नकोस

अगं पोरी,

तुझ्या लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं, आणि खालचा मेसेजही वाचला, की लोक मधेमधे ओरडलेत, तिसऱ्या गाण्यात ॲकॉर्डियन चुकलंय, तर हे सगळं साफ करून मगच अपलोड करू का. नको करूस. आधी हे पत्र वाच, मग मी सांगतो तो अल्बम ऐक, आणि त्यानंतरच एडिटिंगला बस.

अल्बम ड्रॉपकिक मर्फीज या बँडचा आहे, आयरिश लोकगीतं आणि पंक, म्हणजे वेगवान, आरडाओरड्याचं रॉक, एकत्र वाजवणारा बँड, २००२ मधला, ‘लाइव्ह ऑन सेंट पॅट्रिक्स डे’. बॉस्टनमध्ये लॅन्सडाउन स्ट्रीटवर, बेसबॉलच्या फेनवे पार्कला लागूनच, ॲव्हलॉन नावाचा हॉल होता, तिथे मार्चमधल्या त्या सणाच्या दिवसांत रेकॉर्ड झालेला. सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे १७ मार्च, आयरिश लोकांचा सण, आणि १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा आयर्लंडमधून जहाजं भरून माणसं ज्या शहरांत उतरली त्यातलं बॉस्टन एक, त्यामुळे तिथे हा दिवस म्हणजे घरचं कार्यच. बँडही तिथलाच, शेजारच्या क्विन्सीत १९९६ मध्ये सुरू झालेला. म्हणजे समोर उभी असलेली माणसं पाहुणी नाहीत, घरची आहेत, आणि हे तुला पहिल्याच मिनिटात कळेल, कारण सुरुवातीचं गाणं आहे बॉस्टन कॉलेजचं १८८५ मधलं जुनं गाणं, ते सगळ्यांना पाठ, आणि गिटार सुरू झाल्यावर गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हेच कळेनासं होतं. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

हेडफोन लाव आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागचे लोक ऐक. हा माझा आग्रह आहे. पंकच्या ओळी छोट्या असतात, कोरस चार-पाच जणांनी मिळून ओरडायचा असतो, स्टुडिओत त्यासाठी मित्रांना माइकभोवती गोळा करतात, आणि इथे तेच काम अख्खा हॉल करतो. अल्बममध्ये एक गाणं आहे १९३१ मधलं, अमेरिकेतल्या केंटकीच्या हार्लन भागातल्या कोळसा खाणकामगारांच्या लढ्यातलं, फ्लॉरेन्स रीस नावाच्या बाईने लिहिलेलं, त्याचा कोरस म्हणजे नुसता एक प्रश्न, तू कोणाच्या बाजूला? हे घरात एकट्याने गायलं तर अर्धवटच वाटतं. प्रश्न विचारायला समोर माणसं लागतात. आपल्या पोवाड्यात झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ धरलं नाही तर शाहीर एकटा पडतो ना, तसंच.

मग ‘फिनेगन्स वेक’. जुनं आयरिश गाणं, शिडीवरून पडून मेलेल्या बांधकाम मजुराच्या भोवती लोक जमतात, भांडण होतं, व्हिस्की अंगावर सांडते आणि तो उठून बसतो! असल्या गाण्यात एखादा सूर इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं सांग.

बॅगपाइप मात्र नीट ऐक, तू ॲकॉर्डियन वाजवतेस म्हणून मुद्दाम सांगतोय. त्यात सूर नऊच, पट्टी जवळजवळ ठरलेली, बी फ्लॅटच्या आसपास, म्हणजे गिटारवाल्यांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. हवेची पिशवी काखेत दाबलेली असल्यामुळे आवाज मधे तुटत नाही, आणि हळू-जोरात असला प्रकारही नाही, सुरू झाला की एकाच जोराने. तुझा भाता उलटा आहे, तू ओढशील तसा तो श्वास घेतो, थांबतो. तो थांबा लोकांना दे. आत्ता तू प्रत्येक रिकामी जागा भरून काढतेस आणि लोकांना शिरायला फटच राहत नाही.

आता टेक्निकल. लोकांचा आवाज तुला मागे पडल्यासारखा वाटतो, तो पडणारच, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तीस मीटर मागच्या माणसाला तुझा बीट नव्वदेक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याचं ओरडणं स्टेजवरच्या माइकपर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणून त्यांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे आणि मिक्समध्ये थोडे अलीकडे, म्हणजे वेळेत आधी, सरकवायचे. सरकवायचे, काढायचे नाहीत. मी सुरुवातीच्या काळात एका बँडचा लाइव्ह असाच धुऊन काढला होता, प्रत्येक माइकवर गेट, म्हणजे हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय, दोन गाण्यांमधला गलका कापलेला, आणि त्यांना ऐकवला तर गायक बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, लोक कुठे गेले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ फाइल्सही तोवर उडवल्या होत्या. ते अजून मनात आहे, म्हणून तुला इतकं कळवळून लिहितोय.

आणि लाइव्ह म्हणजे स्टुडिओनंतरची दुय्यम गोष्ट असंही समजू नकोस. फ्लॉगिंग मॉली हा असाच आयरिश-पंक बँड, ते लॉस एंजेलिसच्या मॉली मलोन्स पबमध्ये दर सोमवारी वाजवायचे, आणि त्यांचा पहिला अल्बम, १९९७ चा, लाइव्हच आहे, स्टुडिओतला ‘स्वॅगर’ आला २००० मध्ये. त्याच्याही आधी लंडनचा पोग्ज हा बँड, त्यांचा स्पायडर स्टेसी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवायचा आणि मधेच बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. असला ताल एडिटिंगच्या कुठल्या सॉफ्टवेअर प्लगइनमधून आणणार?

तर तू एवढं कर. स्टेजच्या दोन्ही कडांना लोकांकडे तोंड करून लावलेले माइक दोन्ही ठेव, गाण्यांमधलं बोलणं ठेव, फक्त माइक पडला तो धाडकन आवाज काढ. रॉ ट्रॅक शुक्रवारपर्यंत पाठव, आपण मिळून मिक्स करू. आणि तिसरं गाणं परत ऐक, तुझं बोट चुकलं आणि तू दोन मात्रा थांबलीस तिथे डावीकडच्या माइकवर कुणीतरी पोरगी तुझीच ओळ ला ला करत पुढे गातेय, आणि तू परत शिरलीस ते तिच्या सुरावर.

तुझा,
दादा