डिसेंबरात भारतात जाताय? तिकीट काढायच्या आधी घरी बोला

न्यू जर्सीहून एका मैत्रिणीने विचारलंय की डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातोय, सासर सांगलीला, माहेर नाशिकला, नणंद पुण्यात, आणि आत्तापासूनच सगळ्यांचं सुरू झालंय, आमच्याकडे किती दिवस राहणार म्हणून, मला तर निघायच्या आधीच दमल्यासारखं होतंय.

अगं, आधी दिवस मोज. एकवीस दिवसांतले दोन-तीन प्रवासात जातात, पुढचे तीन-चार दिवस पोरं रात्री दोनला उठून भूक लागली म्हणतात. नाशिक ते सांगली म्हणजे गाडीत अख्खा दिवस. उरले जेमतेम चौदा. हा हिशोब दोन्हीकडच्यांना तिकीट काढायच्या आधी सांगायचा, आणि आपापल्या आईवडिलांना ज्याचं त्यानेच सांगायचं. सुनेने सासूला "आम्ही सहाच दिवस राहू" म्हटलं की ते वर्षभर लक्षात राहतं, तेच मुलाने सांगितलं तर आई दोन दिवस रुसते आणि मग बेत करायला लागते. नोव्हेंबरात इकडे अमेरिकेत घड्याळं तासभर मागे गेली की न्यू जर्सीत नि तिकडे साडेदहा तासांचा फरक असतो, तेव्हा शनिवारी सकाळी नऊला फोन करा, तिकडे संध्याकाळचे साडेसात, चहा-जेवणाच्या मधला निवांत वेळ. असल्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका, प्लीज, तिथे एका मेसेजचे दहा अर्थ निघतात.

मी पहिल्या ट्रिपला सगळ्यांची मनं राखायची म्हणून रोज दोन-तीन घरी जेवायला गेले, प्रत्येक घरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड, धाकट्याला ताप आला आणि शेवटचा आठवडा त्याच्या उशाशी गेला. माझ्या आईशी धड बसून बोलणंच झालं नाही, ते अजून सलतं.

तेव्हापासून आम्ही काका-मामा-आत्या सगळ्यांना एकाच रविवारी बोलावतो, छोटा हॉल घेतो, केटररला सांगतो, कुणाच्याच घरच्या बाईला ओट्याशी उभं राहावं लागत नाही. सुरुवातीला एक-दोन जण नाराज झाले, घरी आला नाहीत म्हणाले. त्यांना फोन केला, पुढच्या वेळी तुमच्याकडे आधी येऊ म्हटलं आणि खरंच गेलो. फक्त जे आजी-आजोबा उठून येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मात्र जायचंच, तिथे काटकसर नको. आणि शेतावर कुणी हुरड्याला बोलावलं तर दुसरं काहीही सोडून पोरांना घेऊन जा, थंडीतच तो मिळतो.

इकडे शाळेची सुट्टी जेमतेम दहा दिवसांची असते, वरचे दिवस गैरहजेरीत जातात, म्हणून टीचरला नोव्हेंबरातच ईमेल करून ठेव. बॅगाही दोन दिवस आधी भर, भाजणी नि गोडा मसाला आईला आधीच करून ठेवायला सांग, म्हणजे शेवटच्या रात्री वजनकाट्याशी झटापट न करता तिच्याशेजारी गादी टाकून झोपता येईल.